आपल्या पायाखालचा लाव्हा आणि जळगावचा उन्हाळा

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. परीक्षा चालू होती, दिवसा पारा ४५ च्या वर गेला होता आणि रात्री साडेदहाला हॉस्टेलची लाइट गेली. आम्ही सगळ्या मुली चादरी आणि नोट्स घेऊन गच्चीवर. गच्ची अजून तव्यासारखी तापलेली! मी वैतागून म्हणाले, "हे सगळं ग्लोबल वॉर्मिंगमुळे." त्यावर माझी रूममेट (मेकॅनिकलची आहे, वादात कधी हरत नाही) शांतपणे म्हणाली, "अगं, पृथ्वी कधी गरम होते, कधी थंड. ज्वालामुखींच्या मोठमोठ्या सायकल असतात. कोट्यवधी वर्षं हेच चाललंय. त्यापुढे आपण माणसं म्हणजे किस झाड की पत्ती?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिचं अर्धं म्हणणं बरोबर होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी मी सगळी सुट्टी वाचत बसले. जे समजलं ते इथे मांडतेय. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे माझं मराठी थोडं इकडचं-तिकडचं आहे. सांभाळून घ्या!

आपण कशावर राहतो?

मित्र-मैत्रिणींनो, सिव्हिलच्या लॅबमध्ये काँक्रीटचे क्यूब भरताना आपण जी काळी खडी घेतो, तो बेसाल्ट. बेसाल्ट म्हणजे थंड होऊन गोठलेला लाव्हा. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग याच दगडाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून लाव्हाचे लोटच्या लोट बाहेर आले, एकावर एक पसरत गेले आणि त्यातून दख्खनचं पठार तयार झालं. आज ते सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे. झीज व्हायच्या आधी ते याहून बरंच मोठं होतं. आंध्र प्रदेशात राजमहेंद्रीजवळ जे बेसाल्टचे थर आहेत, तेही आपल्याकडूनच हजारएक किलोमीटर वाहत गेलेले असावेत, असं मानलं जातं. जगातल्या सर्वांत लांब लाव्हा-प्रवाहांत त्यांची गणना होते.

याला इंग्रजीत 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ट्रॅप म्हणजे सापळा! पण हा शब्द स्वीडिश आहे आणि त्याचा अर्थ जिना. चाळीसगावहून बसने कन्नड घाट चढताना खिडकीतून बघा, किंवा धुळ्याहून आग्रा रोडने लळिंगच्या किल्ल्याकडे नजर टाका. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. त्यातली एकेक पायरी म्हणजे लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल बोअर घेतलं, तेव्हा बेसाल्ट संपून खालचा जुना खडक लागायला ९३० मीटरच्या आसपास जावं लागलं. अजिंठ्याची लेणी याच दगडात कोरलेली आहेत.

आता ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टोकदार डोंगर आणि वरून निघणारा धूर येतो. आपल्याकडे तसं नव्हतं. इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्या भेगांतून लाव्हा उकळी फुटल्यासारखा बाहेर आला. (बुलढाण्याचं लोणार सरोवर हा ज्वालामुखी आहे असं अनेकांना वाटतं. तो उल्का पडून झालेला खड्डा आहे आणि या लाव्हाच्या कितीतरी नंतरचा आहे.) तेव्हा भारत आजच्या जागी नव्हता. तो हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाच्या खालच्या 'हॉट स्पॉट'वरून उत्तरेकडे सरकत होता. त्या बेटावरचा ज्वालामुखी आजही अधूनमधून उसळतो. म्हणजे आपल्या खडीचा एक सख्खा नातेवाईक अजून गरम आहे!

या दगडात आणखी एक गंमत आहे. जळगाव जिल्ह्यात सावद्याच्या खाणींत बेसाल्टच्या पोकळ्यांतून पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक निघतात. अपोफिलाइट, स्टिल्बाइट वगैरे. जगभरच्या संग्राहकांना ही खनिजं 'जळगाव'च्या नावाने माहीत आहेत. सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये असे स्फटिक पाहायला मिळतात. स्फटिक नंतर भरले, पण ती पोकळी आधी कशी झाली? लाव्हात विरघळलेले वायू बुडबुडे होऊन सुटू लागले आणि दगड गोठताना काही बुडबुडे आतच अडकले. म्हणजे दगडातलं प्रत्येक भोक हा वायूचा ठसा आहे. जे आत अडकले ते आपल्याला दिसतात. जे सुटले ते आकाशात गेले. हवामानाची गोष्ट त्या सुटलेल्या वायूंची आहे.

मामांच्या शेतातली भिंत

हवामानाकडे जाण्याआधी एक घरची गोष्ट सांगते, कारण मला हा सगळा विषय तिथे खरा वाटला.

माझे मामा शिंदखेडा तालुक्यात शेती करतात. त्यांच्या शेताच्या कडेने एक काळी, दगडी धार जाते. पूर्व-पश्चिम, सरळ रेषेत, जशी कुणीतरी बांधून ठेवलेली. घरात सगळे तिला 'भिंत' म्हणतात. लहानपणी आम्ही तिच्यावर चढून पतंग उडवायचो. भिंतीच्या वरच्या बाजूला शेजाऱ्याच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं. खालच्या बाजूला मामांनी दोन बोअर घेतले, दोन्ही कोरडे. कर्ज काढून झालेलं. सुट्टीत गेले तेव्हा तिसऱ्या बोअरची तयारी चालली होती. मामा मला म्हणाले, "आठे पानी नही शे, कितलं भी खंदा. तुना पुस्तकमा काय लिखेल शे?"

पुस्तकात होतं! दुसऱ्या वर्षाला जिऑलॉजीच्या पेपरसाठी 'डाइक' ही व्याख्या मी पाठ केली होती: उभ्या भेगेत लाव्हा गोठून झालेली खडकाची भिंत. दोन मार्कांची व्याख्या. ती माझ्याच मामांच्या शेतात उभी आहे हे मात्र मला कधी सुचलं नव्हतं.

धुळे आणि नंदुरबार जिल्हे या डाइकसाठी भूगर्भशास्त्रात प्रसिद्ध आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या भागातल्या २१० डाइकचा नकाशा दिला आहे. त्यातली सर्वांत लांब ७९ किलोमीटर आहे आणि जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत. बहुतेक सगळ्या जवळपास पूर्व-पश्चिम. म्हणजे ज्या भेगांतून दख्खनचा लाव्हा वर यायची धडपड करत होता, त्या भेगाच या. काहींतून तो वर पोचला, बाकीच्यांत खालीच थिजला. मग वरचं पठार झिजलं आणि भिंती उघड्या पडल्या.

डाइकचा दगड घट्ट असेल तर ती जमिनीखालच्या बंधाऱ्यासारखी वागते. उताराने येणारं भूजल तिला अडतं. वरच्या बाजूला पाणी, खालच्या बाजूला ठणठणाट. (डाइक तडकलेली असेल तर उलटही होतं, तिच्यातूनच पाणी मिळतं. म्हणून नुसतं बघून सांगता येत नाही.) मी कॉलेजात आल्यावर सरांना विचारलं. त्यांनी आधी रेझिस्टिव्हिटी सर्व्हे करायला सांगितलं. जमिनीत वीज सोडून तिचा विरोध मोजायचा, त्यावरून खाली ओला थर आहे की कोरडा कातळ याचा अंदाज येतो. तिसरा बोअर थांबला. भिंतीच्या वरच्या अंगाला मामांची थोडी पडीक, दगडाळ जमीन होती, तिथे सर्व्हेप्रमाणे विहीर घेतली. पाणी लागलं, यंदा मार्चपर्यंत टिकलंही. मे महिन्यात काय होतं ते बघायचंय.

सांगायचा मुद्दा हा, की ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा ज्वालामुखी अजून आमच्या घरचा हिशोब ठरवतो. तेव्हा रूममेटचं पहिलं अर्धं मान्य. पृथ्वीपुढे आपण लहानच आहोत.

ज्वालामुखी हवामानाचं नक्की काय करतो?

इथे माझा सगळ्यात मोठा गैरसमज दूर झाला. मला वाटायचं, ज्वालामुखी गरम, म्हणून हवा गरम. तसं नाही. तो तीन वेगवेगळ्या वेळापत्रकांवर तीन वेगवेगळी कामं करतो.

पहिलं काम, थंड करणं. ज्वालामुखीतून सल्फर डायऑक्साइड निघतो. तो उंच स्थितांबरात पोचला तर त्याचे सल्फेटचे बारीक थेंब होतात आणि ते सूर्यप्रकाश परतवतात. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो फुटला. त्यातून दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर गेला आणि पुढच्या वर्षभरात पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा फुटला, तर १८१६ साली युरोप-अमेरिकेच्या काही भागांत उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली. पण हे थेंब वर्ष-दोन वर्षांत खाली येतात आणि खेळ संपतो.

आपल्या दख्खनशी जास्त जवळचं उदाहरण म्हणजे आइसलंडचा लाकी. १७८३ साली तिथे जमिनीला भेग पडून आठ महिने लाव्हा वाहत होता, सुमारे १५ घन किलोमीटर. १२ कोटी टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला. गुरं मेली, दुष्काळ पडला आणि आइसलंडची जवळपास पाचवा हिस्सा माणसं गेली. संगणकाच्या मॉडेलवर केलेल्या अभ्यासांत असं दिसतं, की उत्तर गोलार्धातला असा उद्रेक आफ्रिकेकडचा आणि आपल्याकडचा मान्सूनसुद्धा कमजोर करू शकतो. १७८३-८४ मध्ये उत्तर भारतात 'चालिसा' नावाचा भीषण दुष्काळ पडला होता. पण त्यामागे एल निनोही होता असं मानतात, म्हणून सगळं खापर लाकीवर फोडता येत नाही. एवढं मात्र खरं, की लाकीचे १५ घन किलोमीटर म्हणजे दख्खनच्या एका मोठ्या प्रवाहापुढे किरकोळ. इथला एकेक मोठा प्रवाह हजार घन किलोमीटरच्या घरातला होता.

दुसरं काम, गरम करणं. लाव्हाबरोबर कार्बन डायऑक्साइडही येतो. तो थेंबांसारखा खाली पडत नाही, हजारो वर्षं रेंगाळतो. उद्रेक पुन्हा पुन्हा होत राहिले तर तो साठत जातो आणि हळूहळू ताप चढतो.

तिसरं काम मला सगळ्यात आवडलं. लाव्हा स्वतःच पुढे औषध बनतो! पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं. ते बेसाल्टला झिजवतं, त्यातला कॅल्शियम सोडवतं आणि शेवटी कार्बन चुनखडीच्या रूपाने दगडात किंवा समुद्राच्या तळाशी बंद होतो. आपली काळी कापसाची माती ही याच झिजेतून झाली. त्या मातीत नांगराला लागणारे पांढरे चुनखडीचे खडे पाहिलेत ना? मामा त्यांना शिव्या देतात. मी मात्र आता त्यांच्याकडे आदराने बघते, कारण त्यात कधीकाळी हवेत असलेला कार्बन आहे. काही शास्त्रज्ञांच्या मते भारत सरकत सरकत विषुववृत्ताच्या पावसाळी पट्ट्यात आला, तेव्हा दख्खनचा हा बेसाल्ट जोरात झिजला आणि त्यानंतर पृथ्वी जी हळूहळू थंड होत गेली, त्यात त्याचा वाटा होता. फक्त हे औषध लागू पडायला लाखो वर्षं लागतात.

म्हणजे थंडी काही वर्षांची, ताप हजारो वर्षांचा आणि उतारा लाखो वर्षांचा.

सायकल आहे का?

आता रूममेटच्या मुख्य मुद्द्यावर येऊ. १९८४ साली रॉप आणि सेप्कोस्की या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मांडलं, की पृथ्वीवर सामूहिक विनाश साधारण दर २ कोटी ६० लाख वर्षांनी येतात. मग दख्खनसारखे महाउद्रेकही सुमारे ३ कोटी वर्षांच्या तालावर होतात का, याचा शोध सुरू झाला. २०२१ मध्येही २ कोटी ७५ लाख वर्षांच्या तालाबद्दल एक शोधनिबंध आला. म्हणजे कल्पना वेडगळ नाही.

मी वहीत स्वतः मांडून पाहिलं. जगातले मोठे लाव्हा-पठार आणि त्यांची साधारण वयं, कोटी वर्षांत: सायबेरिया २५.२, मध्य अटलांटिक २०.१, आफ्रिकेतलं कारू १८.३, दक्षिण अमेरिकेतलं पराना १३.४, आपल्याच झारखंडमधलं राजमहाल ११.८, दख्खन ६.६, उत्तर अटलांटिक ५.६, इथिओपिया ३.०, अमेरिकेतलं कोलंबिया १.७. मधली अंतरं काढा: ५.१, १.८, ४.९, १.६, ५.२, १.०, २.६, १.३. सरासरी? २.९ कोटी वर्षं! क्षणभर वाटलं, आपण जिंकलो, सायकल सापडली.

पण नीट बघा. सगळ्यात लहान अंतर १ कोटीचं, सगळ्यात मोठं ५.२ कोटींचं. बसस्टँडवर कुणी सांगितलं, "धुळ्याची गाडी सरासरी २९ मिनिटांनी असते," आणि प्रत्यक्षात एक १० मिनिटांनी आली, पुढची ५२ मिनिटांनी, तर त्याला कुणी टाइमटेबल म्हणेल का? आठच आकडे, त्यातही मी काही पठार सोडले, काहींचा कार्यकाळ लांबलचक असताना एकच वय धरलं. एवढ्यावरून ताल ठरवणं म्हणजे तीन रीडिंग घेऊन ग्राफ काढण्यासारखं आहे (जे आपण सगळे सबमिशनच्या आदल्या रात्री करतो, असो). हा वाद अजून मिटलेला नाही. महाउद्रेक पुन्हा पुन्हा होतात हे नक्की. ते घड्याळ लावून होतात हे सिद्ध झालेलं नाही.

दख्खनच्या आतही असाच ताल शोधलाय. सह्याद्रीच्या घाटांत दोन काळ्या थरांच्या मध्ये कधीकधी विटकरी रंगाचा मातीचा पट्टा दिसतो. म्हणजे एक प्रवाह थंड झाला, त्यावर पाऊस पडला, माती झाली, आणि मग पुढचा प्रवाह आला. ती लाल रेघ म्हणजे ज्वालामुखीची मधली सुट्टी. या लाल थरांत अडकलेल्या झिरकॉनच्या सूक्ष्म कणांवरून वय काढता येतं. २०१९ च्या फेब्रुवारीत 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन टीमचे निबंध आले. दोघांनीही दख्खनचंच वय मोजलं होतं. एका टीमने झिरकॉनवरून सांगितलं, उद्रेक चार मोठ्या टप्प्यांत झाले आणि त्यातला एक डायनासोर संपायच्या थोडाच आधी होता. दुसऱ्या टीमने आर्गॉन वायूवरून सांगितलं, उद्रेक बऱ्यापैकी सलग होते आणि बहुतेक लाव्हा डायनासोर गेल्यानंतर आला. पठार एकच, अंक एकच, उत्तरं दोन! आपल्या प्रॅक्टिकलमध्ये असं झालं तर आपण शेजाऱ्याचं रीडिंग उतरवतो. त्यांनी दोन्ही छापली.

डायनासोर नेमके कशाने गेले? १९८० साली अल्वारेझ पिता-पुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशनीचा पुरावा मांडला. पुढे मेक्सिकोत त्या आघाताचं विवर ओळखलं गेलं. त्याविरुद्ध प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर यांनी वर्षानुवर्षं दख्खनची बाजू लावून धरली. २०२० च्या एका अभ्यासाप्रमाणे दख्खनच्या वायूंमुळे पृथ्वी सुमारे २ अंशांनी तापली होती, पण अशनी पडायच्या बरीच आधी ती पुन्हा थंडही झाली होती, म्हणून शेवटचा घाव अशनीचा. आज पारडं त्या बाजूला झुकलेलं आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा मात्र तो '२ अंश' आहे. सगळं दख्खन ओतूनही २ अंश, आणि तेसुद्धा हजारो-लाखो वर्षांच्या मापात. आपण १८५० नंतरच्या पावणेदोनशे वर्षांत एका अंशाच्या पुढे गेलो आहोत.

थोडं गणित (घाबरू नका)

शेवटी इंजिनिअरला आकडा हवा. लॅबमध्ये आपल्या खडीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी २.८ च्या आसपास येते. १ घन किलोमीटर म्हणजे १०० कोटी घनमीटर, म्हणजे २८० कोटी टन दगड. लाव्हात वजनाच्या साधारण अर्धा टक्का कार्बन डायऑक्साइड होता असं धरू. मग १ घन किलोमीटर लाव्हामागे १.४ कोटी टन वायू. दख्खनचा एकूण लाव्हा १० लाख घन किलोमीटर धरला, तर एकूण १४ लाख कोटी टन. हा सगळा प्रकार ७ लाख वर्षं चालला असं मानलं, तर वर्षाला सरासरी २ कोटी टन.

आणि माणूस? कोळसा, तेल, गॅस, सिमेंट, जंगलतोड मिळून आज वर्षाला साधारण ४००० कोटी टन. म्हणजे दख्खनच्या सरासरीच्या दोन हजार पट! आजचे जगातले सगळे ज्वालामुखी मिळून आपल्या एक टक्कासुद्धा भरत नाहीत.

हे गणित घेऊन मी विजयी मुद्रेने रूममेटकडे गेले. तिने वही बघितली आणि म्हणाली, "सायकलच्या वेळी सरासरीवर मला हसलीस, आता स्वतः सरासरी लावतेस? लाव्हा काय रोज थोडाथोडा यायचा? एका दमात यायचा." बरोबर पकडलं! मग आम्ही दोघींनी पुन्हा मांडलं. समजा, १००० घन किलोमीटरचा एक राक्षसी प्रवाह फक्त १० वर्षांत बाहेर आला. वायू १४०० कोटी टन, म्हणजे वर्षाला १४० कोटी. तरीही आपण २८ पट पुढे. जमिनीखाली जो लाव्हा वर न येताच राहिला त्याचा वायूही झिरपत आला असेल, म्हणून आकडा पाच-दहा पट वाढवला, तरी आपण मागे पडत नाही. आणि याच वेगाने चाललो तर अख्ख्या दख्खनचे ते १४ लाख कोटी टन आपण ३५० वर्षांत सोडू. दख्खनला लाखो वर्षं लागली.

आता ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे आपणच ज्वालामुखी?" मी म्हटलं, "हो, आणि या ज्वालामुखीला लाल थर नाही." सुट्टीच नाही. माती व्हायला, पाऊस पडायला, चुनखडी बनायला जो वेळ दख्खनने अधूनमधून दिला, तो आपण देत नाही.

मग आपण काय करायचं?

लेखाच्या शेवटी 'झाडे लावा' असं लिहायची पद्धत आहे. झाडं लावाच. पण आपल्यासाठी या दगडात एक काम आहे. आइसलंडमध्ये 'कार्बफिक्स' प्रकल्पात कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बेसाल्टमध्ये सोडला. २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक वायूचा दगड झाला. जे काम निसर्ग लाखो वर्षांत करतो, ते दोन वर्षांत! आपल्या पायाखाली तर बेसाल्टच बेसाल्ट आहे. दख्खनमध्ये असं जमेल का, यावर भारतातही अभ्यास चालू आहे. पण मामांची विहीरही त्याच दगडात आहे हे विसरून चालणार नाही. कुठे पाणी वाहतं, कुठे डाइक अडवते, हे कळल्याशिवाय दगडात काही सोडणं धोक्याचं. ते कळायला सिव्हिल, मेकॅनिकल, केमिकल सगळे लागतील. शिवाय हा उतारा आहे, आधी पथ्य पाळायचं असतं. वायू सोडणं कमी झालं नाही तर कितीही दगड पुरणार नाही.

सायकल खरी असेल किंवा नसेल, तिचा काटा कोटी वर्षांवर चालतो. मामांच्या कर्जाचा हप्ता वर्षाला येतो, मान्सूनही वर्षाला येतो. पृथ्वी सगळ्यातून तरून जाईल, यात शंका नाही. ती सायबेरियातून तरली, दख्खनमधून तरली. प्रश्न तिचा नाहीच, शिंदखेड्याच्या शेताचा आणि आपल्या हॉस्टेलच्या गच्चीचा आहे.

पुढच्या वेळी लॅबमध्ये चाळणीत खडी घ्याल तेव्हा एक खडा उचलून बघा. त्यात बारीक भोकं दिसली तर समजा, तिथून कधीतरी एक बुडबुडा निसटायच्या बेतात होता.

आणि हो, त्या रात्रीच्या वादाचा निकाल बरोबरीत सुटला. चहा मात्र मलाच पाजावा लागला!

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी